केस्टरची मुलं, लिंडालची मुलं

११ फेब्रुवारी १९९७

शाळा बंद होणार. काल केस्टर गावात शाळा-मंडळाची सभा झाली. आम्ही लिंडालची माणसं थंडीत चौदा मैल गेलो, ओळीनं बसलो, बोलायची पाळी आली तेव्हा बोललो. मंडळानं शांतपणे ऐकून घेतलं आणि बंद करायच्या बाजूनं हात वर केले. जूननंतर आमच्या शाळेला कुलूप, मुलं बसनं केस्टरला. पट कमी, इमारत जुनी, पैसा नाही. कारणं खोटी नाहीत, हेच जास्त लागलं.

आर्डिस केस्टरच्या शिक्षकांत बसली होती. माझी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि मी तेरा. तिला वाचायला मी शिकवलं, शिक्षिका हो असंही मीच सांगितलं. ज्या मुलांना कमी ऐकू येतं त्यांना ती केस्टरच्या शाळेत बोलायला आणि ओठ वाचायला शिकवते. काल ती एक शब्द बोलली नाही. सभा संपून बाहेर आले तर माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत उभी होती.

"सावकाश जा," एवढंच म्हणाली. मी गाडी सुरू केली.

१२ फेब्रुवारी

मुलांना सांगितलं. पहिलीतल्या एकीनं विचारलं, "मग कासवाला कोण खायला घालणार?" माझा नवरा हॅरल्ड वारला त्या आठवड्यातही मी वर्गात रडले नव्हते. आजही नाही. घरी येऊन मात्र कोट न काढताच बसून राहिले.

९ मार्च

चर्चमधून परतले तर ऑरिन स्कार दारात उभा. टोपी हातात. गाई विकल्यापासून या माणसाला हातांचं काय करावं ते कळत नाही. त्याची नात ब्रिटा माझ्या वर्गात दुसरीत आहे. तिची आई शहरात नर्स आहे, पाळ्या वाटेल त्या वेळच्या, म्हणून पोर आजोबांकडे. दोन्ही कानांत यंत्र लावूनही तिला अर्धंमुर्धंच ऐकू येतं.

"बाई, कायद्यात एक वाट आहे," ऑरिन म्हणाला. "चार्टर शाळा म्हणतात. सनद काढायची आणि गावानं शाळा चालवायची. फी नाही. येईल त्या पोराला घ्यायचं. पैसा सरकारचाच, पण तो पोराच्या मागून चालतो, गाईमागून वासरू चालतं तसा. पोर केस्टरला गेलं तर पैसा केस्टरला. आपल्याकडे आलं तर आपल्याकडे."

"आणि चालवायची कुणी?"

"आपण."

"आपण म्हणजे कोण, ऑरिन?"

"तुम्ही," तो म्हणाला. "बाकीचे आम्ही आहोतच."

मी कॉफी केली. तो तीन पेले प्याला आणि हवेबद्दल बोलला. गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मी नाही म्हटलेलं नाही.

३० मार्च, ईस्टर

आर्डिस जेवायला आली होती. हॅम, बटाटे, तिनं आणलेला केक. सगळं झाल्यावर मी नव्या शाळेचं सांगितलं. तिनं काटा खाली ठेवला.

"केस्टरला जी मुलं राहतील त्यांचं काय?" तिनं विचारलं.

"त्यांना काय झालंय? त्यांची शाळा त्यांच्या दारात आहे."

"मूल गेलं की त्याच्यामागचा पैसा जातो, लव्हॉन. पण पोरं थोडी कमी झाली म्हणून बॉयलर कमी जळत नाही, बस कमी मैल धावत नाही. मग काहीतरी कापतात. आधी संगीत, मग वाचनालय. मग ज्यांच्यासाठी कुणी भांडत नाही अशी मुलं."

"तुझ्या मंडळानं आम्हाला कुलूप लावलं तेव्हा तुला हे सुचलं नाही."

"ते माझं मंडळ नाही."

"पण बसली होतीस त्यांच्यात."

तिनं बशा गोळा केल्या. मी धुतल्या, तिनं पुसल्या, लहानपणापासूनचा क्रम. केकचं भांडंसुद्धा न घेता गेली.

खरं लिहायचं तर मला वाटतं तिला माझा हेवा वाटतो. ती अठरा वर्षं दुसऱ्यांच्या शाळेत नोकरी करतेय, आणि या वयात मी स्वतःची काढणार.

२२ जून

एका कॉलेजनं आमच्या सनदेवर देखरेख ठेवायचं कबूल केलं. जुन्या शाळेची इमारत मंडळ आम्हाला द्यायला तयार नाही, म्हणून बंद पडलेल्या दूधडेरीत भरवायची. सगळं गाव रंग लावतंय. भिंतीतून आंबट दुधाचा वास जात नाही. ऑरिन म्हणतो, पोरांची हाडं मजबूत होतील.

रात्री झोप लागत नाही. मला वर्ग चालवता येतो, शाळा चालवता येत नाही. विम्याचा माणूस काय बोलतो ते निम्मं कळत नाही, तरी मान हलवते. गावात सगळे म्हणतात, लव्हॉन आहे ना, मग होईल. हे वाक्य ऐकलं की मी विम्याचे कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेते.

आर्डिस अजून डेरीकडे फिरकलेली नाही. ऑरिनच्या हाती पडदे मात्र पाठवले, स्वतः शिवलेले, खिडक्यांना अगदी बरोबर बसणारे. मापं कुणी दिली विचारलं तर ऑरिन खोकत बसला.

२ सप्टेंबर

शाळा सुरू झाली. चाळीस पोरं आली. वर्ग दोन, मोठ्यांना शिकवायला एक तरुण मास्तर मिळालाय, धाकटी माझ्याकडे. घंटा नव्हती, म्हणून ऑरिननं गाईच्या गळ्यातली आणून बडवली. अर्ध्या आया रडत होत्या. मीही रडले असते, पण तेवढ्यात कुणीतरी पहिल्याच दिवशी संडास तुंबवला.

१९ ऑक्टोबर

कान कमी असणाऱ्या मुलीला कसं शिकवायचं ते माझ्या शाळेत कुणाला येत नाही. त्यामुळे ब्रिटाला मंगळवारी आणि गुरुवारी ऑरिन ट्रकमधून आर्डिसकडे केस्टरला नेतो. केस्टरच्या अधीक्षकांनी तोंड वाकडं करून का होईना परवानगी दिली. ऑरिन सांगत होता, "तुमच्या बहिणीसारखी चिकाटी गाईतही पाहिली नाही मी." त्याच्या तोंडी ही फार मोठी स्तुती.

गेल्या आठवड्यात एका आईनं पोर काढून परत केस्टरला घातलं. तिकडे बँड आहे, व्यायामशाळा आहे. "राग मानू नका," म्हणाली. मी मानला.

१८ जानेवारी १९९८

चांगली बातमी. पुढच्या वर्षासाठी केस्टर गावातल्याही मुलांची नावं यायला लागली. आमची शाळा लहान आहे, मुलांना नावानं ओळखतात, अशी वार्ता तिकडे पोचलीय. आर्डिस दुपारी आली होती, तिला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिनं आधी कॉफी संपवली. मग म्हणाली, "कुठल्या इयत्तांतली?"

"सगळ्या. का?"

"सहज." पेला विसळून तिनं पालथा घातला. "छान झालं, व्हॉनी."

व्हॉनी ती मला लहानपणी म्हणायची. बऱ्याच वर्षांनी ऐकलं. मनात म्हटलं, चला, राग गेला एकदाचा.

१५ मार्च

आर्डिस कपाटं आवरतेय. तिची चित्रांची पुस्तकं खोक्यांत भरून माझ्याकडे आणली. "शाळेतली जागा अडते," म्हणाली. पुस्तकं सगळी तिच्या स्वतःच्या पैशांची, आतमध्ये तिचं नाव. इतकी चांगली पुस्तकं कुणी अडचण म्हणून काढतं का? पण मी घेतली. आमच्याकडे पुस्तकांची चणचण आहे.

ऑरिनही कुरकुर करत होता. हल्ली आर्डिस त्याला ट्रकमध्ये बसू देत नाही, वर्गात बसवते. यंत्राची नळी कशी साफ करायची, ब्रिटाशी बोलताना उजेड कुठल्या बाजूला हवा, सगळं त्याच्याकडून दोनदा करून घेते. "या वयात मला डॉक्टर करणार आहे ती," म्हणाला.

तिला हल्ली माणसांवर हुकूम गाजवायला आवडतं. ते मात्र माझ्यावरच गेलंय.

१० मे, मदर्स डे

आम्हाला दोघींनाही मूल नाही. तरी दरवर्षी या दिवशी आर्डिस मला जिरेनियमची कुंडी आणते. यंदा दोन आणल्या. एक नवी, आणि एक तिच्या स्वयंपाकघरातली, दहा वर्षांची, झुडुपाएवढी झालेली.

"ही का?"

"माझ्याकडे ऊन येत नाही."

तिची खिडकी दक्षिणेला आहे. तिथलं ऊन डोळ्यांना सोसत नाही म्हणून तिच्यासाठी पट्ट्यांचा पडदा मीच घेतला होता. पण वाद कोण घालणार. दोन्ही कुंड्या शेजारी ठेवल्यात. चेहऱ्यानं बारीक झालीय ती. डॉक्टरकडे जा म्हटलं तर हसली.

२८ मे

आज कळलं. ऑरिनकडून कळलं, आणि त्याला वाटत होतं मला कधीच माहीत आहे.

शाळा सुटल्यावर तो शेवटची बाकं दुरुस्त करत होता. म्हणाला, "पुढच्या वर्षी ब्रिटाचं काय करायचं, बाई? आर्डिसबाईंची जागा गेली, आता तिथं नेऊन उपयोग काय."

"कुठं गेली जागा?"

त्यानं हातोडी खाली ठेवली. "तुम्हाला सांगितलं नाही तिनं?"

केस्टरनं फेब्रुवारीतच ठरवलं होतं. पट घसरला, पैसा कमी झाला, कान कमी असलेली पोरं तीनच, त्यातली एक आमची. तो वर्ग बंद. केस्टरची उरलेली दोघं आता गाडीनं काउंटीच्या दुसऱ्या टोकाला जाणार, जायला तास आणि यायला तास.

लिंडालच्या मुलांना बसमध्ये बसायला लागू नये म्हणून मी शाळा काढली. आता केस्टरची दोन बसणार आहेत.

पुस्तकं, कुंडी, ऑरिनला दिलेले धडे. सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी लिहीत काय होते, तर हेवा आणि हुकूम. मागची पानं वाचून पाहिली. वाचवत नाहीत.

२९ मे

तिच्याकडे गेले. दार उघडून तिनं माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "ऑरिन ना? त्याच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही."

"तू का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"काहीतरी केलं असतं."

"शाळा बंद केली असतीस," ती म्हणाली. "मला माहीत आहे तू काय आहेस. सकाळी उठून चाळीस पोरांना घरी पाठवलं असतंस, आणि आयुष्यभर ते माझ्या डोक्यावर राहिलं असतं. नको मला."

मी तिथल्या तिथे म्हटलं, माझ्याकडे ये. पगार थोडा कमी, पण तुझा वर्ग, तुझी पद्धत, कुणी मध्ये बोलणार नाही. तिनं मान हलवली.

"व्हॉनी, मी तुझ्या शाळेच्या वाईटावर नाही. तुझ्या वर्गात कुणाचंही मूल सुखात राहील. पण ती तुझ्या दमावर उभी आहे. तू थकलीस तर? ऑरिनला काही झालं तर? ज्या शाळेवर सगळ्यांचा हक्क आहे, ती अशी दोन म्हाताऱ्यांच्या दमावर असू नये."

"लिंडालची होती की सगळ्यांची. एका संध्याकाळी बंद केली."

तिनं मला आत घेतलं आणि दार लावलं.

"हो," म्हणाली. "ते चूकच होतं. मी त्या सभेत उठून बोलायला हवं होतं."

"मग का नाही बोललीस?"

"वाटलं, बोलले तर माझ्या पोरांचा वर्ग काढतील. शेवटी काढलाच."

मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून राहिलो. खिडकीवर कुंडीचा गोल डाग होता आणि तिथं ऊन पडलं होतं.

९ जून

काल केस्टरच्या मंडळापुढे पुन्हा उभी राहिले. आर्डिसला न सांगता गेले. म्हटलं, तिला दोघांनी मिळून ठेवू या. अर्धा आठवडा तुमचा, अर्धा आमचा, अर्धा पगार आम्ही देतो. नेमणूक तुमचीच राहू दे, ती तुमच्याच शाळेची शिक्षिका राहू दे.

अधीक्षक वाईट बोलले नाहीत. वाईट बोलते तर बरं झालं असतं. "मिसेस टोस्त्रुड," ते म्हणाले, "दीड वर्षापूर्वी तुम्ही इथंच उभ्या होता आणि मी सांगितलं होतं की पैसा नाही. तुम्हाला वाटलं मी सबब सांगतोय. त्यानंतर तुमची मुलं गेली, आमचीही काही गेली. तेव्हा नव्हता तो पैसा आता कुठून आणू? तुमचं अर्धं तुमच्यापाशी आहे. आमचं अर्धं आमच्यापाशी नाही."

मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "आधी आमची पोरं नेलीत, आता आमची बाई मागता." मी वळून पाहिलं. जाणाऱ्या दोन मुलांपैकी एकाची आई होती. मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. "तुमचं बरोबर आहे," म्हटलं आणि खाली बसले.

आज सकाळी आर्डिसला कुठूनसं कळलं. फोनवर फार रागावली, मग फोनवरच रडली. तिला उत्तरेला, सरहद्दीजवळच्या एका गावात नोकरी मिळालीय. तिकडच्या तीन-चार शाळांना मिळून कान कमी असणाऱ्या मुलांसाठी बाई हवी होती. इथून गाडीनं सहा तास. ऑगस्टमध्ये जाणार.

१ जुलै

आर्डिसनं ठरवलंय की जायच्या आधी मला शिकवायचं. मी म्हटलं, पंचावन्नाव्या वर्षी माझ्या डोक्यात काही शिरत नाही. ती म्हणाली, "ब्रिटा नऊ वर्षांची आहे, तिला थांबायला वेळ नाही." त्यामुळे रोज सकाळी माझ्या टेबलाशी शाळा भरते. ती बाई, मी पोर.

आज माझ्या कानांत कापूस घालून वर लोकरी टोपी चढवली. जुलैमध्ये. मग आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलली आणि मी ओळखायचं. एक शब्द आला नाही. प, ब आणि म ओठांवर एकसारखेच दिसतात. मी चिडून टोपी फेकली.

"हं," आर्डिस म्हणाली. "आता तुला कळलं, दुपारनंतर ब्रिटा बाकाखाली का जाऊन बसते. दमते ती."

दोन वर्षं मी ते हट्ट समजत होते. दोन्ही वेळा तिच्या प्रगतिपुस्तकावर तसा शेराही मारलाय.

१४ जुलै

मी मंद विद्यार्थिनी आहे. आर्डिसला राग येत नाही. चुकले की ती थोडी थांबते आणि तेच पुन्हा विचारते, जणू पहिल्यांदाच विचारतेय. मी मुलांना अशी वागवते का? नेहमी नाही.

आज म्हणाली, गळ्याला हात लाव. मी माझ्या लावला. "माझ्या," ती म्हणाली. तिच्या गळ्यावर बोटं ठेवली. आधी तिनं स्वर न लावता नुसता प् म्हटला, काही हललं नाही. मग म म्हटलं, तर आत मधमाशी असावी तसं घुमलं. ब्रिटा असंच ओळखते म्हणाली. आई गेल्यानंतरच्या वर्षी आर्डिसला सारखा ताप यायचा, तेव्हा तिच्या गळ्याला मी असाच हात लावून पाहायची. ते तिला बोलले नाही. ती म्हणाली, "पुरे झालं, काढ आता हात." तरी मी थोडा वेळ काढला नाही, आणि तीही सरकली नाही.

२ ऑगस्ट

आज धड्याला ब्रिटा आणि ऑरिनही आले होते. मी शिकवलं, आर्डिस कोपऱ्यात बसून पाहत होती. ब्रिटा माझ्यापेक्षा बरीच पुढं आहे. मी खिडकीकडे पाठ करून बसले तर तिनं माझी बाही धरून मला दुसऱ्या खुर्चीवर नेलं, माझ्या तोंडावर उजेड पडेल अशा. ऑरिनला हसू आवरेना.

जाताना ब्रिटानं आर्डिसला विचारलं, "तिकडच्या मुलांना तुम्ही आवडाल का?"

"आधी नाही आवडणार. तुलाही आवडत नव्हते."

"मी तुम्हाला चावले होते," ब्रिटा म्हणाली.

"आहे माझ्या लक्षात."

१६ ऑगस्ट

आर्डिस गेली. सामान ऑरिनच्या ट्रकमध्ये, ती तिच्या गाडीत. मी सँडविच केली, थर्मास भरला, नकाशा तीनदा उघडून दाखवला. तिनं ऐकून घेतलं. निघताना दोघींनी एकमेकींना धरलं, पण आमच्याकडे धरणं म्हणजे खांद्यावर दोनदा थोपटणं.

"शाळेच्या जनरेटरचं बघ हिवाळ्याआधी," ती म्हणाली.

"बघते."

गाडी वळली. मी घरात आले आणि सगळी भांडी धुतली, स्वच्छ होती ती सुद्धा.

११ ऑक्टोबर

वाईट आठवडा. ब्रिटा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, यंत्र काढून डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. मी आर्डिसनं सांगितलं होतं ते सगळं केलं. तिसऱ्या दिवशी काही न करता बाकाखाली तिच्याशेजारी जाऊन बसले. गुडघे ओरडले. मला बाहेर निघता येईना तेव्हा तिनंच हात दिला, आणि मग डबा उघडला.

केस्टरच्या त्या दोन मुलांना घेऊन जाणारी गाडी रोज सकाळी डेरीवरून जाते. बहुतेक वेळा ती आत झोपलेली असतात. रोज मी खिडकीशी असले नाही तर बरं, पण असतेच. कॉलेजच्या लोकांना विचारलंय, त्या दोघांना इथं शिकवता येईल का. ते म्हणतात, आधी तुम्ही नीट शिका. बरोबरच आहे.

२५ नोव्हेंबर

उद्या थँक्सगिव्हिंग. आर्डिस संध्याकाळपर्यंत येईल म्हणून मी सकाळीच टर्की मिठाच्या पाण्यात भिजत घातली होती. ती दुपारीच आली, आणि घरी न जाता थेट शाळेत.

मला कळलंच नाही. मी ब्रिटाशी आणि तिच्या गटाशी ढगांबद्दल बोलत होते. मुलं माझ्यामागे पाहायला लागली, म्हणून वळले, तर दारात आर्डिस, कोट घातलेली, टोपीवर बर्फ. तिनं हातानंच खूण केली, चालू दे. मागे जाऊन एका छोट्या खुर्चीत बसली. गुडघे हनुवटीपर्यंत आले होते.

मी चालू ठेवलं. मुख्याध्यापकांनी पहिल्यांदा तपासणी केली तेव्हाही माझी जीभ इतकी अडखळली नव्हती. ब्रिटाची आर्डिसकडे पाठ होती, तिला ऐकू आलं नव्हतं. ती उभी राहिली आणि तिनं ढगांवरचा परिच्छेद सगळ्या वर्गाला वाचून दाखवला. सावकाश, पण शेवटपर्यंत. म आणि ब दोन्ही बरोबर. मग तिनं माझं तोंड पाहिलं, माझी नजर कुठे आहे ते पाहिलं, आणि मागे वळली.

धावली नाही. चालत गेली आणि आर्डिसच्या कोटाच्या खिशात हात घालून तिच्या शेजारी उभी राहिली. आर्डिसनं पुष्कळ वेळ टोपी काढली नाही. टोपीवरचा बर्फ वितळून तिच्या तोंडावर ओघळत होता, तो ती पुसत राहिली.

मुलं घरी गेल्यावर तिनं सगळं पाहिलं. बाकं, पुस्तकं, तिचे पडदे. भिंतीला नाक लावून म्हणाली, "अजून येतो की वास." मग कोटाची बटणं लावून उभी राहिली.

"तू फळ्याकडे तोंड करून बोलतेस. तेवढं सोड."

"बाकी?"

"बाकी बरोबर आहे, व्हॉनी."

२९ नोव्हेंबर, रविवार

गुरुवारी ऑरिन आणि ब्रिटा जेवायला होते. टर्की थोडी कोरडी झाली, कुणी बोललं नाही. आर्डिस तिकडच्या मुलांबद्दल सांगत होती. तिथलं मंडळ चांगलं आहे, पण पैसा तिथंही नाही. शुक्रवारी ती एकटीच केस्टरला गेली. त्या दोन मुलांच्या घरी गेली असणार, कारण परतली तेव्हा हातात एका आईनं दिलेली जॅमची बरणी होती. मी विचारलं नाही. रात्री जेवताना म्हणाली, "ती बाई म्हणते, शनिवारी सकाळी पोराला शिकवायला लव्हॉन टोस्त्रुडला वेळ असेल का. मी म्हटलं, तिलाच विचार."

ती विचारेल का, माहीत नाही. विचारलं तर मी काय सांगेन ते मात्र मला माहीत आहे.

आज आर्डिस निघणार होती. नाश्त्यानंतर खिडकीशी उभी राहून म्हणाली, "आभाळ भरून येतंय. आज नको निघायला." मग तिकडच्या शाळेच्या माणसाला घरी फोन करून उद्याची रजा टाकली. याआधी तिनं कधी रजा टाकलेली मला आठवत नाही.

मी बाहेर पाहिलं. आभाळ निळंशार होतं, बर्फ काढणारी गाडी सकाळीच जाऊन आली होती, हमरस्ता दूरवर काळा कुळकुळीत दिसत होता. तिकडे उत्तरेला आलं असेल भरून. आणखी चार बटाटे सोलायला घेतले.